इंजिनाला दाब लागतो म्हणे

द्राक्षबागांच्या गोडी छाटणीचा हंगाम आला की आमच्या दिंडोरीकडे दोन गोष्टींना ऊत येतो. एक चहा आणि दुसरे सल्ले. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर तापत असतं, बागांमधून कात्र्यांची कचकच चाललेली असते, छाटलेल्या काड्यांचे ढीग बांधावर पडलेले असतात, आणि नाक्यावरच्या टपरीत बसलेल्या प्रत्येकाला दुसऱ्याच्या बागेत काय चुकलंय ते बरोब्बर माहीत असतं. परवा मी तिथे चहाला थांबले होते. शेजारच्या बाकड्यावर एक तरणा गडी आपल्या मोटरसायकलचं दुखणं सांगत होता. कंपनीचा सायलेन्सर काढून चांगला जाडजूड पाइप बसवला, आवाज झकास झाला, पण आता चढाला गाडी दम टाकते. त्याच्या मित्राने बशीतला चहा फुर्रकन ओढला आणि निकाल देऊन टाकला, "बॅक प्रेशर गेला ना भाऊ! इंजिनाला मागून थोडा दाब लागतोच."

मी कप खाली ठेवला. "नाही लागत," मी म्हणाले.

दोघांनी माझ्याकडे वळून बघितलं. चाळिशी उलटलेली बाई, पायात चिखलाचे बूट, ओढणीला औषधाचा वास. "मावशी, सगळेच म्हणतात," तो मित्र समजुतीच्या सुरात म्हणाला. मला हा सूर लहानपणापासून ओळखीचा आहे, आणि तो ऐकला की माझं डोकं फिरतं. मी त्यांना सांगितलं की बाबांनो, धुरालाही वेग लागतो. पाइपातून धावत सुटलेला धूर आपल्या पाठोपाठ इंजिनातला उरलासुरला धूर ओढून नेतो, म्हणून आत ताजी हवा भरते. पाइप वाजवीपेक्षा जाड केला की धूर त्यात रेंगाळतो आणि ती ओढ जाते. शिवाय पाइप बदलल्यावर हवा-पेट्रोलचं प्रमाण नव्याने जुळवावं लागतं, ते तुम्ही जुळवलेलं नसणार. म्हणजे गेली ती ओढ, बिघडलं ते प्रमाण, आणि नाव घेताय दाबाचं! मापाचा पाइप बसव, कार्बोरेटर लावून घे, आणि तो कर्कश आवाज कमी कर, म्हाताऱ्या माणसांच्या छातीत धडकी भरते. त्याने मान डोलावली, पण त्याला पटलेलं नव्हतं. गाडीला किक मारताना तो मित्राला म्हणाला, "तरी थोडा लागतच असंल."

त्याचा राग यायला हवा होता, पण मला नाना आठवले. नाना म्हणजे माझे वडील. ते जाऊन आता काही वर्षं झाली, पण इंजिनाला दाब लागतो हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं ते त्यांच्याच तोंडून, अशाच एका छाटणीच्या हंगामात.

त्या वर्षी पाऊस जायचं नावच घेत नव्हता. छाटणी झाली, काड्यांवर फुटीसाठीची पेस्ट लागली, डोळे फुटले, कोवळी पोपटी पानं उलगडायला लागली आणि रोज दुपारनंतर त्र्यंबकच्या बाजूने ढग चालून यायचे. द्राक्षवाल्याला अशा दिवसांत ढगाकडे बघून काही काव्य सुचत नाही. त्याला फक्त डावणी दिसते. हा रोग पानाच्या खालच्या अंगाने शिरतो, आणि एकदा घडात उतरला की वर्षाची मेहनत हातात चुरगळते. पाऊस उघडला की पानं वाळायच्या बेतात असताना फवारणी झालीच पाहिजे. त्या हंगामाचा वास अजून माझ्या नाकात आहे. ओल्या काळ्या मातीचा, गंधकाचा आणि डिझेलच्या धुराचा.

आणि नेमके त्याच वेळी नाना विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरून पाय मोडून बसले होते. मी सातपूरच्या एका कारखान्यात इंजिनं तपासायच्या खात्यात होते. डिप्लोमा झालेली, पगार मिळवणारी, खोली करून राहणारी. नोकरीवर पाणी सोडून मी घरी आले आणि म्हणाले, बाग मी बघते. मग दत्तूकाका बोलले. नानांचे धाकटे भाऊ, शेजारचीच बाग त्यांची. मनाने वाईट नव्हेत, पण प्रत्येक वाक्य असं बोलायचे की जणू ते आधीच ठरून गेलंय. "भाऊ, पोरीला झेपायचं नाय. बाग मला वाट्यानं दे. तिचं बघू आपण, चांगलं स्थळ हाय निफाडचं."

नाना बराच वेळ प्लास्टरवर बोट वाजवत राहिले. मग म्हणाले, "जो माझा ट्रॅक्टर सांभाळंल त्यो बाग सांभाळंल. विरळणीपतुर बघू."

म्हणजे घडांतले जादा मणी काढायची विरळणी सुरू होईपर्यंत मला मुदत होती. तोवर ट्रॅक्टर माझ्या हाताखाली नीट चालला, फवारण्या वेळेवर झाल्या, तर बाग माझी. नाहीतर काका आणि निफाड.

आता 'माझा ट्रॅक्टर' याबद्दल सांगायला हवं. नानांनी आयुष्यात अनेक गोष्टींना 'आपलं' म्हटलं. आपलं घर, आपली विहीर, आपली पोरगी. ट्रॅक्टरला मात्र ते 'माझा' म्हणायचे. बागेत चालणारा तो छोटा ट्रॅक्टर घेतला तेव्हा त्याचा सायलेन्सर बॉनेटवर उभा होता. आमच्याकडे वेली डोक्यावर मांडवाच्या तारांवर पसरलेल्या, त्यामुळे उभ्या सायलेन्सरचा गरम धूर थेट कोवळ्या फुटीवर जायचा. पहिल्याच वर्षी एका ओळीची पानं भाजून निघाली. नानांनी तो सायलेन्सर मुळापासून कापला आणि धूर ट्रॅक्टरच्या पोटाखालून मागे काढला. कल्पना बरोबर होती. आमच्या भागात बऱ्याच जणांनी तसंच केलंय. फक्त नानांनी त्यासाठी घरात पडलेलं सामान वापरलं, आणि द्राक्षवाल्याच्या घरात पडलेलं सामान म्हणजे पाण्याचं. बोअरवेलचा उरलेला अरुंद पाइप, काटकोनातले एल्बो, मध्ये एक कमी मापाचा सॉकेट. एखाद्या बागेला ड्रिप करावं तसं त्यांनी इंजिनाला ड्रिप केलं होतं. आल्यागेल्याला ते काम दाखवायचे. वरून चंदेरी रंगसुद्धा दिला होता.

त्या पाइपाने ट्रॅक्टर गुदमरत होता. मोकळा चालवला तर कळायचं नाही, पण मागे फवारणीचा ब्लोअर जोडून, टाकी भरून विहिरीकडच्या चढाला लागलं की इंजिन धापा टाकायचं. काळा धूर बुडाखालून निघून माझ्याच तोंडावर यायचा, पाण्याच्या तापमानाचा काटा तांबड्यात जायचा, ब्लोअरचा पंखा मंदावायचा आणि औषध पानाच्या वरच्या अंगावर थबकायचं. खालचं अंग कोरडंच. मी मास्क काढला की नाकाखाली काळी मिशी उमटलेली असायची. आई हसायची आणि मग तोंडाला पदर लावून गप्प व्हायची, कारण चढाकडच्या ओळींत पानांवर तेलकट पिवळे डाग दिसायला लागले होते.

मी नानांना सांगितलं, पाइप बदलायचा.

"हात लावायचा नाय," नाना म्हणाले. शेडच्या तोंडाशी त्यांची खाट टाकलेली असायची, तिथून सगळी बाग दिसायची. "इंजिनाला दाब लागतो. ड्रिपला दाब नसला का पहिलं झाड पितं अन् शेवटचं वाळतं. इंजिनाचं बी तसंच. समदं मोकळं सोडलं का ताकद पळून जाती."

"नाना, ड्रिपमध्ये पाणी पोचवायचंय. इथं धूर घालवायचाय."

"तू मला ड्रिप शिकवती?"

मी ड्रिप शिकवत नव्हते, पण आमच्यात कुठलाही वाद सरळ रेषेत कधी गेला नाही. खाण तशी माती. मग मी कारखान्यात करायचे तसा प्रयोग मांडला. गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी घेतली, तिच्यात लाल रंगाचं पाणी भरून शेडच्या खांबाला इंग्रजी यू अक्षरासारखी बांधली, आणि तिचं एक टोक तांब्याच्या बारीक नळीने पाइपाला भोक पाडून जोडलं. धुराला आत जितकी अडवणूक, तितकं पाणी दुसऱ्या बाजूने वर चढणार. नाना खाटेवर उठून बसले. काकाही आले, हात पाठीमागे बांधून अगदी नळीजवळ उभे राहिले. मी ब्लोअर चालू करून इंजिनाला ताण दिला. पाणी सरसर वर चढलं, नळीच्या तोंडातून उसळलं आणि काकांच्या पांढऱ्या सदऱ्यावर भळकन सांडलं.

मी विजयाने नानांकडे बघितलं. नानांचा चेहरा खुलला होता. "बघ!" ते म्हणाले, "केवढा दाब हाय! लोकांच्या ट्रॅक्टरला एवढा असंल का?"

त्या दिवशी मला जे कळलं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. दाब मोजून दाखवून उपयोग नसतो. ज्याला दाब हीच चांगली गोष्ट वाटते तो आकडा बघून खूषच होतो.

आणि हे काही एकट्या नानांचं नव्हतं. मी शाळेत गणितात पहिली आले तेव्हा बाई म्हणाल्या, घरात धाक आहे म्हणून आली. डिप्लोमाच्या वर्गात मुलींचं बाक एकच होतं, वर्कशॉपमध्ये आम्हाला नुसती कानस घासायला द्यायचे आणि लेथ मुलांना, तरी मी पास झाले. तेव्हा सर म्हणाले, विरोध होता म्हणून तुझ्यात जिद्द आली. मला हे कधीच पटलं नाही आणि आजही पटत नाही. कुणी गुदमरूनही तगला तर त्याचं श्रेय त्याच्या फुप्फुसांना द्यायचं की गळा आवळणाऱ्या हाताला? मी विरोध होता तरीही शिकले. तो नसता तर आणखी शिकले असते, लवकर शिकले असते, आणि शिकताना मला रडू कमी आलं असतं. मला कुणाच्याही धाकाचे आभार मानायचे नाहीत. लोक म्हणतात, पोरांना जरा दाबात ठेवलेलं बरं, नाहीतर वाया जातात. अरे, वाट नसेल तर वाया जातात. मोकळं सोडणं म्हणजे वाऱ्यावर सोडणं नव्हे. मापाची, गुळगुळीत, उगाच काटकोनात न मोडणारी वाट करून देणं हे अडवण्यापेक्षा कितीतरी कष्टाचं काम आहे, म्हणूनच ते कुणी करत नाही.

तर मी सातपूरला गेले. कारखान्याच्या मागच्या गल्लीत अन्वर मिस्त्रींचं दुकान होतं, बसपासून टेम्पोपर्यंत सगळ्यांचे सायलेन्सर तिथे व्हायचे. वेल्डिंगचा निळा उजेड, पत्र्यावर हातोड्याचे ठोके, गल्लीत पाळी सुटलेल्या कामगारांच्या मोटरसायकली. मी कागदावर मापं काढून नेली होती. मिस्त्रींनी चष्मा वर करून बघितली. "मॅडम, थोडा बॅक प्रेशर ठेवून देतो ना. सगळे कस्टमर मागतात. एकदम खुला केला तर गाडीचा दम निकल जातो."

"खुला करा. दम निघाला तर माझा निघेल."

"मग हा चार इंची टाका ना! एकदम भोंगा!"

"तोही नको. लिहिलंय तेवढाच."

ते हसले. म्हणाले, "तुम्ही दोन्हीकडून भांडता." पण काम त्यांनी जीव लावून केलं. पाइपात वाळू ठासून भरली, तापवून तापवून मोठ्या गोलाईत वाकवला, कुठेही दुमडू दिला नाही. आवाज मारायला एक आटोपशीर डबा मध्ये जोडला. मी तो पाइप एसटीच्या टपावर टाकून घरी आणला.

रात्रभर पाऊस पडला होता. सकाळी उघडला. कोवळं ऊन, मांडवाच्या प्रत्येक तारेवर थेंबांची ओळ, आणि वारा इतका मंद की फवारणीला याहून चांगला दिवस मिळायचा नाही. सगळ्या शिवारात ब्लोअर सुरू झाले होते. मी ट्रॅक्टर शेडच्या तोंडाशी, नानांच्या खाटेसमोर आणून उभा केला आणि हॅकसॉ घेऊन खाली बसले.

"मंगल," नाना म्हणाले, "माझ्या डोळ्यांदेखत कापती?"

"तुमच्या माघारी कापला असता तर ती चोरी झाली असती."

"मी नाय म्हणलंय."

"ऐकलं मी."

करवतीचा आवाज सुरू झाला. सबंध वेळ मी मान वर केली नाही. चंदेरी रंगाचे कपचे मातीत पडत होते. त्या पाइपाचा प्रत्येक आटा नानांनी स्वतः, उकिडवं बसून, तागाचा धागा गुंडाळून घट्ट केला होता. प्रेमाने केलेली चूक कापताना खरोखरच जास्त जोर लागतो. आई चहा घेऊन आली, दोघांच्या मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "भांडण नक्की पाइपाचं हाय का?" ती दोन्ही कप तिथेच ठेवून निघून गेली.

नवा पाइप बसवून मी ट्रॅक्टर चालू केला. आवाज वाढला होता, खोटं कशाला बोलू? पूर्वी तो घशात खरखरायचा, आता मोकळ्या छातीने धडधडायला लागला. ब्लोअर जोडला, टाकी भरली आणि आधी विहिरीकडचाच चढ घेतला. काटा हिरव्यात राहिला. मागे वळून बघितलं तर काळा धूर नव्हता, नुसती हवा थरथरत होती. पंख्याने पानं उलटीपालटी करून टाकली, पोटाकडची पांढुरकी बाजू वर आली आणि औषधाने ओली झाली. मी एकटीच त्या ओळीत मोठ्याने ओरडले. काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही.

घरी आले तर नाना भिंतीकडे तोंड करून निजले होते. पुढचे कितीतरी दिवस त्यांनी माझ्याशी इंजिनाबद्दल अवाक्षर काढलं नाही. जेवणाबद्दल बोलायचे, ढगांबद्दल बोलायचे, काकांच्या बैलाबद्दलसुद्धा बोलायचे. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. पण एका संध्याकाळी ते आईला सांगत होते ते माझ्या कानावर पडलं, "पयला आवाज यायचा नाय. आता इथं पडल्या पडल्या कळतं, पोरगी कुठल्या ओळीत हाय त्ये."

पुढे अन्वर मिस्त्रींनी तोच पाइप कितीतरी द्राक्षवाल्यांना करून दिला. मागच्या उन्हाळ्यात मी त्यांच्या दुकानात गेले तर ते एका गिऱ्हाइकाला सांगत होते, "बिनधास्त घ्या, यात बॅक प्रेशर बरोबर ठेवलेला आहे." मी तिथल्या तिथे म्हणाले, "काहीही ठेवलेलं नाहीये त्यात!" गिऱ्हाईक गोंधळलं. मिस्त्रींनी मला बाजूला घेतलं. त्यांची दाढी आता पांढरी झाली आहे. "मॅडम, तसं खरं बोललो तर कोण घेत नाही." मला हसू आलं आणि चीडही आली. मोकळीक सगळ्यांना हवी असते, पण तिला दाब म्हटल्याशिवाय ती घरात घ्यायची हिंमत होत नाही. मी मात्र तिला दाब म्हणणार नाही. टपरीवर नाही, दुकानात नाही, कुठेच नाही.

त्या हंगामातला शेवटचा दिवस मला पुन्हा पुन्हा आठवतो. घड मोहरीएवढ्या मण्यांचे झाले होते, दुसऱ्या दिवसापासून विरळणीच्या बाया येणार होत्या. पिवळे डाग जागच्या जागी वाळून गेले होते. मी शेडला लागून असलेल्या ओळीत फवारत होते आणि एका नोझलमध्ये कचरा अडकला, म्हणून ट्रॅक्टर बंद करून खाली उतरले. धडधड थांबली की कानात आधी दडे बसतात, मग हळूहळू बाकीचे आवाज येतात. पानांवरून ठिबकणारं औषध, लांबचा कुणाचा तरी ब्लोअर, आणि पानांपलीकडून काकांचा आवाज.

"भाऊ, आली विरळणी. काय ठरवलं मग? अन् त्यो आवाज ऐकला का? पोरीनं बॅक प्रेशर घालवला समदा. इंजिन बसणार बघ."

नोझल माझ्या मुठीत होतं. मी तशीच उभी राहिले.

नानांनी घसा साफ केला. म्हणाले, "बॅक प्रेशर लागतोच. इंजिनाला दाब पाहिजे. मी आजबी त्येच म्हणतो अन् उद्याबी म्हणंन."

"मंग?"

"पण तिच्या ट्रॅक्टरला नसंल लागत."

काका त्यावर काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. मी ट्रॅक्टर चालू केला होता.